बातमी आधी की वचन आधी? शेवटच्या काळाची भाकितं आणि वऱ्हाडातलं वाचन

(अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जरा नाजूक आहे, म्हणून सुरुवात सिद्धांतापासून न करता एका प्रश्नापासून करतो. २०२५ चा जून महिना. इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध झालं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच दिवसांत अकोला जिल्ह्यातल्या एका गावात घरगुती प्रार्थनासभेला मी गेलो होतो. सभा संपली, चहा आला आणि एका तरुणाने मोबाईल पुढे केला. त्यात एक प्रचारक नकाशावर बाण काढून सांगत होते की यहेज्केलचा अडतिसावा अध्याय आता पूर्ण होतोय, पारस देश म्हणजे इराण, उत्तरेचा राजा म्हणजे रशिया, आता फार दिवस उरले नाहीत. सगळे गंभीर झाले. तेवढ्यात एक बाई, शेतमजुरी करणारी, हळूच मला म्हणाली, "भाऊ, येशू ह्याच साली येनार असन, तं पोरीच्या नर्सिंगची फी भरू का राहू देऊ?"

तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. तिने ऐकलेल्या शिकवणीचा प्रामाणिक हिशेब केला होता. जग संपणार असेल तर तीन वर्षांच्या शिक्षणाची फी कशाला? त्या व्हिडिओवाल्या प्रचारकाला हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं, कारण तो दूर होता. मी जवळ होतो म्हणून मला विचारला. मी तेव्हा काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. पण ते उत्तर पुरेसं नव्हतं, आणि आजचं बोलणं ही त्याची भरपाई आहे असं समजा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ख्रिस्ताचं दुसरं आगमन हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग आहे, मतांगिकारात आपण तो म्हणतो. त्याची चिकित्सा मी करत नाही. मी चिकित्सा करतोय ती वाचनाच्या एका पद्धतीची. सकाळी बातमी वाचायची, मग त्या बातमीला जुळेल असं वचन शोधायचं आणि म्हणायचं, बघा, लिहिलेलं खरं झालं. ही पद्धत ग्रंथ वाचण्याची म्हणून कशी आहे, एवढंच तपासायचं आहे.

वऱ्हाडाशी याचा काय संबंध?

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतलं खूळ, आपल्याकडे मोबाईलमुळे आलं. तसं नाही. वऱ्हाडात ही शिकवण मोबाईलच्या शंभर वर्षं आधीपासून आहे.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंड-इंग्लंडमधल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी बायबलच्या इतिहासाची वेगवेगळ्या युगांत मांडणी केली. आधी विश्वासणारे वर उचलले जातील, मग मोठं संकट, मग हजार वर्षांचं राज्य, असा तो क्रम. १९०९ मध्ये अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टीपांसह बायबल छापलं गेलं आणि ही मांडणी पानाच्या तळाशी टीप म्हणून घरोघर पोचली. गंमत बघा, टीप आणि वचन एकाच पानावर आले की वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पवित्र वाटू लागतात.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ए. बी. सिम्पसन नावाचे उपदेशक होते. त्यांच्या चळवळीतल्या दोन संस्था १८९७ मध्ये एकत्र आल्या आणि ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स तयार झाली. या अलायन्सचं भारतातलं मुख्य क्षेत्र कोणतं? आपलं वऱ्हाड. अकोला, खामगाव, अमरावती. सिम्पसन यांची शिकवण 'चौपदरी सुवार्ता' म्हणून ओळखली जाते: ख्रिस्त तारणारा, ख्रिस्त पवित्र करणारा, ख्रिस्त आरोग्य देणारा, आणि चौथं, ख्रिस्त येणारा राजा. इथल्या जुन्या मंडळ्यांतल्या लोकांना हे चार शब्द पाठ आहेत. सिम्पसन यांचा भर मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातल्या एका वचनावर होता. सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगितली जाईल आणि मग शेवट होईल, असा त्याचा आशय. म्हणजे अकोल्याला माणूस पाठवायचा तो एका अर्थाने शेवट जवळ आणण्यासाठी. आपली गावं जगाच्या शेवटाच्या त्या आराखड्यात होती, आणि आपल्याला ते ठाऊकही नव्हतं.

आता पुढचं बघा. ही माणसं इथे आली आणि त्यांनी पाहिलं काय? १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगोलग १८९९-१९०० चा. संवत १९५६, म्हणून छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी जवळजवळ दीड लाखाने घटली. दुष्काळ, मरी, जगभर युद्धाच्या वार्ता, सगळी चिन्हं हजर. पंचांग मांडून बसायला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

त्यांनी काय केलं? अनाथ पोरं गोळा केली. मराठी शिकले. शाळा काढल्या. अकोल्याला काम केलेल्या जेनी फुलर यांनी भारतातल्या स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दल पुस्तक लिहिलं, ते १९०० मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी त्या वारल्या. तिकडे पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागातून मुली घेऊन केडगावच्या वाटेला लागल्या. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, त्यातही प्रभू लवकर येणार ही भावना तीव्र होती. आणि तरी रमाबाई काय करत बसल्या होत्या? मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात छापून आलं. उद्या जग संपणार असं खरोखर हिशेबाने मानणारा माणूस इतका लांबचा उद्योग हाती घेतो का?

माझं पहिलं निरीक्षण हे आहे. या लोकांच्या भिंतीवर शेवटच्या काळाचा तक्ता होता, पण त्यांचे हात त्या तक्त्याप्रमाणे चालत नव्हते. राजा उद्या येणार म्हणायचे आणि आज शाळेचा पाया खोदायचे. त्यांची करणी त्यांच्या तक्त्यापेक्षा चांगली होती. आज आपल्याकडे उलट झालंय. तक्ता राहिला, खोदकाम गेलं.

दोन शब्द

आता ग्रंथाकडे येऊ. मराठीने आपल्याला दोन चांगले शब्द दिलेत, त्यांच्याकडे आपण लक्ष देत नाही.

पहिला 'प्रकटीकरण'. इंग्रजीत 'अपोकॅलिप्स' म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढे महाविनाश येतो, सिनेमातला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विनाश नाही. झाकलेलं उघडं करणं, पडदा बाजूला करणं, एवढाच तो आहे. आपला मराठी शब्द त्या अर्थाला धरून राहिला. म्हणजे पुस्तकाचं नावच सांगतंय की हे पुढे काय घडेल याचं वेळापत्रक नव्हे, आत्ता जे झाकलं गेलंय ते उघडं करणारं लेखन आहे.

दुसरा शब्द 'संदेष्टा'. जुन्या मराठी भाषांतरांत 'भविष्यवादी' असा शब्द होता. भविष्यवादी म्हटलं की आपल्याला पोपटवाला आठवतो, पत्रिका आठवते. पुढच्या भाषांतरांनी 'संदेष्टा' घेतलं: संदेश आणणारा. आमोस घ्या, यशया घ्या. त्यांच्या बोलण्यात पुढच्या काळाबद्दल आहे, नाही असं नाही. पण बहुतेक वेळ ते आपल्याच काळातल्या राजाला, व्यापाऱ्याला, याजकाला खडसावतात. गरिबाला चपलांच्या जोडासाठी विकता, मापात खोट करता, हे सांगतात. भाषांतरकारांनी भविष्यवादी पुसून संदेष्टा लिहिला, आपण मात्र मनातून भविष्यवादीच वाचतो.

पद्धतीतल्या तीन खोटी

पहिली खोट: ओळख बदलते, खात्री बदलत नाही. यहेज्केलमधला गोग कोण? चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोस म्हणाले, गॉथ टोळ्या. कारण तेव्हा रोमच्या सरहद्दीवर गॉथ होते. सोळाव्या शतकात लूथरच्या काळी उत्तर आलं, तुर्क. कारण तुर्क व्हिएन्नापर्यंत आले होते. विसाव्या शतकात शीतयुद्ध आलं आणि गोग म्हणजे रशिया झाला. मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क, असं नुसत्या ध्वनिसाम्यावर जुळवलं गेलं. ध्वनीच जुळवायचा तर आपल्या गावांच्या नावांतूनही काय वाट्टेल ते निघेल. ऑगस्टिनने पाचव्या शतकातच सांगितलं होतं की गोग-मागोग हे सरहद्दीवरचं एखादं ठरावीक राष्ट्र समजू नका. ते कुणी ऐकलं नाही. तिन्ही वेळा प्रत्येकाला खात्री होती. ज्या किल्लीने सगळीच कुलपं उघडतात, तिला किल्ली कोण म्हणेल?

दुसरी खोट: चुकांचा हिशेब ठेवला जात नाही. दानीएल आणि प्रकटीकरण यांतल्या श्वापदाला दहा शिंगं आहेत. १९७० मध्ये हॅल लिंडसे यांचं पुस्तक आलं, लाखोंनी खपलं. युरोपचा सामायिक बाजार म्हणजे ती दहा शिंगं, अशी मांडणी त्यानंतर फार पसरली. त्या बाजाराचा करार १९५७ मध्ये रोममध्येच झाला होता, त्यामुळे मोह आणखी मोठा. १९८१ मध्ये ग्रीस आला, सभासद बरोबर दहा झाले, केवढा उत्साह! पण १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज ब्रिटन बाहेर पडूनही सत्तावीस आहेत. मग त्या श्वापदाला सत्तावीस शिंगं फुटली का? कुणी जाहीर सांगितलं नाही की आमचं वाचन चुकलं. नुसता विषय बदलला.

अंजिराच्या झाडाचंही तसंच. इस्रायल राष्ट्र १४ मे १९४८ ला झालं, ते झाडाला पालवी फुटणं. एक पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८ च्या सुमारास शेवट. एडगर व्हायझनंट या माणसाने तर १९८८ साठी अठ्ठ्याऐंशी कारणं देणारी पुस्तिकाच काढली. १९८८ गेलं. मग मोजणी १९६७ पासून धरली. आता म्हणतात पिढी ऐंशी वर्षांची, म्हणजे २०२८. त्याआधी १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत विल्यम मिलर यांचे हजारो अनुयायी आकाशाकडे बघत राहिले, काहींनी शेतात पीक तसंच सोडलं होतं. २०११ च्या २१ मे ला हॅरॉल्ड कॅम्पिंग यांची तारीख होती, जगभर फलक लागले होते. कॅम्पिंग यांच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. पुढच्या वर्षी त्यांनी लेखी कबूल केलं की तारीख सांगणं हीच चूक होती. असं कबूल करणारे थोडे. सप्टेंबर २०२५ मध्येही एक तारीख मोबाईलवरून फिरली, आपल्याकडेही फिरली. तो दिवस आला, मावळला, दुसऱ्या दिवशी मंडईत भाजी नेहमीसारखी आली.

तिसरी खोट सगळ्यांत गंभीर आहे. ही पद्धत वचनाचा अर्थ उलटा करते. मत्तय २४ उघडून बघा. येशू म्हणतो की तुम्ही लढायांविषयी आणि लढायांच्या आवयांविषयी ऐकाल, तेव्हा घाबरू नका, तेवढ्याने शेवट होत नाही. म्हणजे लढाया हे शेवटाचं चिन्ह समजू नका असं तो बजावतो. आणि आपण तेच वचन लढाई हे चिन्ह आहे म्हणून वाचतो! मार्कात तर तो म्हणतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. जे पुत्राला ठाऊक नाही ते व्हिडिओवाल्याला कसं ठाऊक झालं, हा प्रश्न गाडगेबाबांनी कीर्तनात विचारला असता आणि आपण सगळे हसलो असतो. हसून झाल्यावर लाजही वाटली असती.

सहाशे सहासष्ट आणि काळा घोडा

मग प्रकटीकरण वाचायचं कसं? दोन उदाहरणं देतो.

६६६. बारकोड, आधार कार्ड, कोरोनाची लस, सगळ्यांवर हा आकडा लावून झाला. मिझोरममध्ये काही कुटुंबांनी याच भीतीने आधार नाकारलं. अमेरिकेत रोनाल्ड विल्सन रेगन या नावात सहा-सहा-सहा अक्षरं आहेत म्हणून त्यांच्यावरही संशय घेतला गेला. पण लेखक स्वतः सांगतो की हा आकडा मोजून बघा, तो एका माणसाचा आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकांचं मूल्य असतं. आपल्याकडेही कटपयादी पद्धतीत अक्षरांतून आकडे लिहीत. 'नेरोन कैसर' हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. नेरोनऐवजी लॅटिन वळणाने 'नेरो' लिहिलं की शेवटचा न जातो, पन्नास कमी होतात, ६१६ उरतात. दोन्ही आकडे एकाच माणसाशी जुळतात. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हा सम्राट. सम्राटाचं नाव उघड लिहिणं जिवावरचं होतं, म्हणून आकडा. ज्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत त्यांतल्या वाचकाला तो कळत होता. लेखक पात्म बेटावर होता, आणि सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे कोणतं शहर हे रोमच्या प्रजेला सांगावं लागत नव्हतं.

आता सहावा अध्याय. काळा घोडा, स्वाराच्या हातात तराजू. आवाज येतो की एका दिनाराला शेरभर गहू. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तेवढा गहू म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं जेवण. म्हणजे दिवसभर राबायचं आणि एकट्याचं पोट भरायचं, बायको-लेकरांनी काय खावं? पण पुढचा भाग खरा महत्त्वाचा: तेल आणि द्राक्षारस यांना धक्का लावू नका. धान्य महाग, पण निर्यातीचा, चैनीचा माल सुरक्षित! रोमन काळात आशिया प्रांतात मोठ्या जमिनी द्राक्ष-जैतुनाखाली गेल्या होत्या, पैसा त्यात होता. सम्राट दोमितियनने सुमारे इ. स. ९२ मध्ये प्रांतांतले द्राक्षमळे कमी करण्याचा हुकूम काढला आणि तो अमलात आणलाच नाही. काही अभ्यासक या वचनामागे ती आठवण बघतात.

मंडळी, हे वचन वऱ्हाडी माणसाला कुणी समजावून सांगायला हवं का? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरला कापूस हवा होता. रेल्वे अकोल्यावरून बडनेऱ्यावरून नागपूरला १८६७ मध्ये पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी फाटा काढला, तर उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्वारीच्या जमिनीवर कापूस चढला. आणि १८९९ मध्ये पाऊस गेला तेव्हा रुळ होते, बाजार होता, धान्य गाडीने येऊ शकत होतं, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हातात दाम नव्हता. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. काळ्या घोड्याच्या हातातला तराजू आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला होता. जिनाच्या दारात आणि सावकाराच्या ओट्यावर तो होता.

आणि आजही अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची यादी दर महिन्याला निघते. कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च, कर्ज. अठराव्या अध्यायात बाबेल कोसळते तेव्हा व्यापारी रडतात की आमचा माल आता कोण घेणार. मालाची लांबलचक यादी आहे: सोनं, तागाचं कापड, मसाले, गुरं, आणि यादीच्या शेवटी माणसं, माणसांचे जीव. हे पुस्तक तिथे उघडं करतंय की साम्राज्याच्या बाजारात माणूस हा शेवटचा माल असतो. यवतमाळच्या किंवा दर्यापूरच्या कास्तकाराला ही ओळ सांगितली तर तो विचारणार नाही की याचा माझ्याशी काय संबंध. पण आपण त्याला ही ओळ सांगत नाही. त्याला इराणचा नकाशा दाखवतो.

माझा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ती भीती घालते म्हणून वाईट आहे, हे दुय्यम. ती ग्रंथातलं जे आपल्याबद्दल आहे ते झाकते. प्रकटीकरणाचं झाकणीकरण करते.

नकाशावरची माणसं

या नकाशात माणसांच्या सोंगट्या होतात. इस्रायलला गेलेले यहुदी म्हणजे भविष्याची पूर्तता, बस. पण त्यांत आपली मराठी बोलणारी बेने इस्रायल मंडळी आहेत, रायगड-मुंबईकडची. तिकडे गेल्यावर त्यांच्या यहुदी असण्याबद्दलच शंका घेतली गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये पूर्ण बरोबरीची मान्यता मिळाली. तिथे बसून त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. ही माणसं कोणत्या वचनाची पूर्तता? आणि तक्त्यानुसार पुढच्या मोठ्या संकटात यहुद्यांतले दोन तृतीयांश मरणार आहेत. जो प्रचारक इस्रायलवर प्रेम आहे म्हणतो, त्याच्या तक्त्यात इस्रायलच्या लोकांचं हे भवितव्य लिहिलेलं असतं. याला प्रेम कसं म्हणायचं?

दुसरीकडे गाझातले ख्रिस्ती. १९ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या सेंट पोर्फिरियस या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारात हल्ल्यात आश्रय घेतलेले लोक मेले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एकमेव कॅथलिक चर्चवरही मारा झाला. त्या रविवारी आपल्याकडच्या किती मंडळ्यांत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली? युद्ध सुरू झालं की 'प्रभू येतोय' म्हणून आनंदाचे संदेश फिरतात. मेलेल्या पोरांच्या बातमीवर आनंदाची खूण करणारा विश्वास कुठेतरी वाट चुकलाय, एवढं कळायला ग्रीक यावं लागत नाही.

१९१७

एक वर्ष लक्षात ठेवा, १९१७. त्या नोव्हेंबरात बाल्फोर घोषणा झाली, ११ डिसेंबरला जनरल अॅलन्बी यरुशलेमेत शिरला. भाकितं मांडणाऱ्यांना वाटलं, झालं, घड्याळाने बाराचा ठोका दिला. त्याच १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्या ख्रिस्तभक्तांना एका पंगतीला बसवण्याची ती धडपड. टिळक आपल्या शेजारी नागपूरला राहिलेले, नागपूर-राजनांदगाव गाडीतच त्यांच्या हाती पहिल्यांदा नवा करार पडला. येणाऱ्या राजावर त्यांचाही विश्वास होता. पण राजा येणार तर दरबार आधी भरवायला नको का, हा त्यांचा विचार. दीड-दोन वर्षांत ते वारले, दरबार फार टिकला नाही. तरी विचारतो, त्या वर्षीची कोणती गोष्ट आज मराठी ख्रिस्ती माणसाला पुरते? अॅलन्बीची तारीख की ती पंगत?

मग विश्वास सोडायचा का?

नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याला हे भाकितांचं बोलणं का ओढतं ते मी समजू शकतो. वऱ्हाडातला ख्रिस्ती समाज लहान आहे, विखुरलेला आहे. पेपरात त्याची बातमी येत नाही. अशा माणसाला कुणी सांगितलं की जगाच्या इतिहासाचं गुपित तुझ्या पुस्तकात आहे आणि मोठमोठ्या राष्ट्रांना ठाऊक नाही ते तुला ठाऊक आहे, तर त्याची मान ताठ होते. ही भूक खरी आहे. तिला शिळं अन्न वाढू नका एवढंच म्हणणं आहे. नीट वाचायची सोय आपल्याकडे नव्हती असंही नाही. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली ती यवतमाळला, १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षं देशभरातली मुलं धर्मशास्त्र शिकायला वऱ्हाडात येत होती.

आणि हा रोग ख्रिस्त्यांचाच आहे असंही समजू नका. २०१२ ला माया दिनदर्शिकेवरून जग बुडणार म्हणून मराठी वाहिन्यांनी तासन्तास दळण दळलं. नॉस्त्रेदेमसला दर निवडणुकीत मराठी बोलायला लावतात. आपण सगळे एकाच ओट्यावर बसलोय.

थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झालं होतं. प्रभूचा दिवस आलाच म्हणून काही जण काम सोडून बसले, गावभर फिरू लागले. पौलाने त्यांना तारखेचा नवा हिशेब दिला नाही. कामाला लागा, स्वतःची भाकर खा, बरं करण्याचा कंटाळा करू नका, असं सांगितलं.

आता त्या बाईकडे येतो. तेव्हा मी घाईत म्हणालो होतो, "भरा, भरा, असं काही नसतं." ते उत्तर उद्धट होतं. तिच्या विश्वासाला मी झटकलं. आज विचारलं तर म्हणेन: बाई, फी भरा. प्रभू येणार यावर तुमचा विश्वास आहे म्हणूनच भरा. तो आला आणि त्याने विचारलं की तुझी लेक कुठे आहे, तर सांगता आलं पाहिजे, ती दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करतेय. त्याच अध्यायाच्या पुढच्या पानावर तो कुणाला जवळ घेतो ते बघा. भुकेल्याला अन्न देणारे, आजाऱ्याला भेटणारे, तुरुंगात जाऊन विचारपूस करणारे. नकाशा अचूक काढणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही.

एवढं बोलून थांबतो.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक.)

प्रश्न: पण सर, यरुशलेम पुन्हा यहुद्यांकडे आलं, हे तरी पूर्ण झालेलं भाकीतच ना?

उत्तर: तुम्ही तसं मानत असाल तर मी वाद घालणार नाही. मी एवढंच विचारीन की ते मानल्यावर तुमच्यात काय बदललं? शेजाऱ्याशी वागणं सुधारलं का, मजुराचा दाम वेळेवर जाऊ लागला का? संदेष्ट्याचा संदेश पोचला की माणूस बदलतो. भविष्य ऐकून माणूस नुसता मान डोलावतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो.